पेशीत स्विच नसतो

देशभरातील विज्ञानवार्तांमध्ये काही महिन्यांच्या अंतराने एक मथळा हमखास उगवतो. शब्द थोडेफार बदलतात, साचा तोच राहतो. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी किरणोपचाराला दाद का देत नाहीत याचे कोडे उलगडले. अमुक प्रथिनाचा ‘स्विच’ बंद केला की त्या पेशी किरणांपुढे हतबल होतात. मथळ्याखाली सूक्ष्मदर्शकातून टिपलेले हिरव्या-लाल ठिपक्यांचे छायाचित्र, संस्थेच्या वरिष्ठांचे समाधानाचे दोन शब्द आणि अखेरीस ‘लवकरच रुग्णांना लाभ’ हे आश्वासन. वाचक पुढे सरकतो. छापून आलेल्या त्या प्रथिनाचे नंतर काय झाले हे कोणी विचारत नाही, आणि ज्याने बातमी लिहिली तो तर मुळीच विचारत नाही.

हा साचा निरुपद्रवी नाही. मूळ प्रयोग बहुतेक वेळा प्रामाणिकपणे केलेला आणि नीट तपासलेला असतो. खोट आहे ती ‘स्विच’ या शब्दात. भिंतीवरचा स्विच कोणी दाबला, खोलीत दुसरे कोण बसले आहे, याच्याशी दिव्याला देणेघेणे नसते. पेशीतील संदेशाचा अर्थ मात्र तो कोणत्या पेशीत, कोणत्या शेजारात आणि किती वेळ उमटला यावर ठरतो. किरणोपचाराच्या बाबतीत प्रश्न याहूनही नेमका आहे. गाठीतील पेशी किरणांना अधिक संवेदनशील झाली एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. तिला खेटून असलेली निरोगी पेशी तेवढीच संवेदनशील झाली नाही, हे दाखवावे लागते. उपचाराचा सगळा जीव या फरकात आहे, आणि नेमक्या त्या फरकाविषयी बातमीत बहुधा एक ओळही नसते.

किरण पडल्यावर पेशीत घडते काय, ते आधी पाहिले पाहिजे. १ ग्रे मात्रेने एका पेशीतील डीएनएच्या एकेरी धाग्यात सुमारे हजार, तर दोन्ही धाग्यांत मिळून तीस-चाळीस तुटी पडतात. एकेरी तुटी पेशी सहज सांधते. जीवावर बेततात त्या दुहेरी तुटी. त्यांची खबर काही मिनिटांत पसरते. एटीएम नावाचे प्रथिन (नाव वाचून रस्त्यावरचे पैशांचे यंत्र आठवले तर तो दोष नावाचा) एरवी जोडीने निष्क्रिय बसलेले असते. तूट पडताच ती जोडी फुटते, प्रत्येक रेणू सक्रिय होतो आणि सीएचके२, पी५३, बीआरसीए१ अशा डझनावारी प्रथिनांवर फॉस्फेटची खूण उठवत जातो. या खुणांतून आदेश निघतात: विभाजन थांबवा, तूट सांधा, सांधणे अशक्य असेल तर मरा. किरणांनी पेशी मरते असे म्हणणे त्यामुळे अर्धवट आहे. किरण फक्त जखम करतात. जखमेनंतर पेशी कोणता निर्णय घेते हे संदेशवहन ठरवते.

आणि हे संदेशवहन केवळ केंद्रकात चालत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरील ईजीएफआर हा रिसेप्टर एरवी वाढीच्या संदेशाची वाट पाहत असतो. किरण पडले की तो संदेशाविनाच जागा होतो, केंद्रकापर्यंत पोचतो आणि तुटी सांधणाऱ्या डीएनए-पीके या प्रथिनाला जाऊन मिळतो, असे जर्मनीतील ट्युबिंगनच्या संशोधकांनी २००५मध्ये दाखवले. पेशीबाहेरच्या जाळीत निष्क्रिय अवस्थेत साठवलेला टीजीएफ-बीटा हा संदेशही किरणांमुळे मोकळा होतो. त्याचा संदेश रोखला तर एटीएमचेच काम मंदावते, हे मेरी हेलन बार्सेलोस-हॉफ यांच्या गटाने २००६मध्ये स्तनाच्या पेशींवर सिद्ध केले. म्हणजे बाहेरचा शेजार आतल्या दुरुस्तीची गती ठरवतो. विज्ञान म्हणून हे विलक्षण सुंदर आहे. बातमीत याचे काय होते, तर ‘स्विच सापडला’.

एटीएमचा स्विच खरोखरच कायमचा बंद केला तर काय होते, याचे उत्तर शोधायला नवा प्रयोग करण्याची गरज नाही. निसर्गाने तो कधीच करून ठेवला आहे. अ‍ॅटॅक्सिया-टेलँजिएक्टेशिया या दुर्मिळ आनुवंशिक आजारात या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात. अशा काही मुलांना कर्करोग झाला म्हणून १९६०च्या दशकात इतर रुग्णांसारखीच किरणांची मात्रा दिली गेली, आणि त्यांच्या निरोगी ऊतींची जी भयंकर हानी झाली तिने वैद्यकजगताला हादरवून सोडले. जनुक सापडायला १९९५ उजाडले. तोवर या मुलांच्या मातांकडे आणि इतर नातलग स्त्रियांकडे संशोधकांचे लक्ष गेले होते. एकच प्रत निकामी असलेल्या त्या स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या साधारण दोन-तीन पट असतो. एकच प्रथिन. ते नसले की पेशी किरणांना संवेदनशील होते, निरोगी ऊती जळतात आणि कर्करोगाची शक्यताही वाढते. ‘हे प्रथिन बंद करा, गाठ विरघळेल’ असे लिहिणाऱ्याला या तिन्ही गोष्टी एका परिच्छेदात मांडाव्या लागतील. त्या मांडल्या तर मथळा उरत नाही, हीच खरी अडचण आहे.

येथे एक अर्धवट वाचलेली भीतीही पसरते. एटीएमची एक प्रत बिघडलेल्या स्त्रीला किरणोपचार देऊच नयेत, असा समज अशा मजकुरांतून सहज होतो. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे याच्या उलट सांगतात: स्तनाच्या कर्करोगात गरज असेल तेथे अशा स्त्रीला किरणोपचार द्यावेत. पी५३ जन्मतः बिघडलेल्या स्त्रियांबाबत मात्र शक्य तेथे ते टाळण्याचा सल्ला असतो. दोन्ही प्रथिने एकाच साखळीतील, तरी सल्ला वेगळा.

टीजीएफ-बीटाची कथा आणखी बोलकी आहे. गाठीत तो रोखला तर किरणांचा परिणाम वाढतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांतही दिसले. किरणोपचारानंतर वर्षानुवर्षे स्तनाच्या ऊती घट्ट होत जातात, त्या प्रक्रियेमागेही हाच संदेश आहे. म्हणजे तो रोखण्यात दुहेरी लाभ, असे वाटावे. परंतु निरोगी स्तनाच्या आवरण-पेशींत हाच टीजीएफ-बीटा वाढीला लगाम घालतो आणि गुणसूत्रांची स्थिरता राखायला मदत करतो. कर्करोगाच्या आरंभी पहारेकरी, पुढे फितूर. एका वाक्यात त्याला ‘खलनायक प्रथिन’ ठरवून टाकणे सोपे आहे, पण त्या वाक्यातून विद्यार्थी चुकीचे जीवशास्त्र शिकतो.

मुद्दा आता पेशींकडे वळवणे भाग आहे, कारण बातमीतील ‘स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी’ कोणाच्या, हे वाचकाला कधीच सांगितले जात नाही. बहुतांश वेळा त्या दोन सेल लाइनपैकी एक असतात. सेल लाइन म्हणजे काचेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले पेशींचे वाण. एमसीएफ-७ हे वाण अमेरिकेतील मिशिगन राज्यातील एका ख्रिस्ती धर्मभगिनीच्या फुप्फुसाभोवतीच्या द्रवातून १९७०मध्ये मिळाले. एमडीए-एमबी-२३१ हे ह्यूस्टनमधील एका ५१ वर्षांच्या रुग्ण स्त्रीचे, तेही फुप्फुसाभोवतीच्या द्रवातले, १९७३चे. अर्धशतकाहून अधिक काळ प्लास्टिकच्या तबकड्यांत वाढलेल्या या पेशींनी विज्ञानाला पुष्कळ दिले आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु पेशीमृत्यूच्या नेहमीच्या मार्गात लागणारे कॅस्पेज-३ हे प्रथिन एमसीएफ-७मध्ये नाहीच. एमडीए-एमबी-२३१मध्ये केआरएएस जनुक बिघडलेले आहे, आणि हा बिघाड स्त्रियांच्या स्तनगाठींत क्वचितच आढळतो. पहिल्या वाणात पेशी कशी मरते याचे आणि दुसऱ्यात वाढीचा संदेश कसा वाहतो याचे निष्कर्ष जसेच्या तसे रुग्णावर लावणे म्हणजे एका माणसाची कुंडली पाहून साऱ्या गावाचे भविष्य सांगणे.

याहून लाजिरवाणे उदाहरण एमडीए-एमबी-४३५चे. स्तनाच्या कर्करोगाचे वाण म्हणून ते जगभर वापरले गेले. २०००च्या सुमारास जनुकांच्या नोंदींतून शंका आली आणि २००७मध्ये निश्चित झाले की त्या पेशी मुळात मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या आहेत. दरम्यान किती निबंध छापले गेले असतील आणि किती ‘स्विच’ सापडले असतील! भारतातील प्रयोगशाळांना पेशी पुरवणारे राष्ट्रीय भांडार पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आहे. पेशींची डीएनए-ओळख पटवून घेणे आज अवघड राहिलेले नाही. ती पटवली होती का, हा प्रश्न बातमी लिहिणाऱ्याने विचारला तर संशोधकाचा अपमान होत नाही.

भारतापुरता हा प्रश्न अधिक टोकदार आहे. तिन्ही प्रमुख रिसेप्टर नसलेल्या, म्हणजे ‘ट्रिपल निगेटिव्ह’ गाठींचे प्रमाण पाश्चात्त्य देशांत साधारण १२ ते १५ टक्के असते. भारतातील संकलित अभ्यासांत ते २७ ते ३१ टक्क्यांपर्यंत दिसते. या गाठींत हार्मोनवर आधारित औषधे चालत नाहीत, म्हणून शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार यांवरच भिस्त अधिक. अशा देशात किरणसंवेदनशीलतेचे संशोधन व्हायलाच हवे. ते भारतीय स्त्रियांच्या गाठींच्या नमुन्यांवर व्हायला हवे, आणि झाले नसेल तर तसे बातमीत लिहायला हवे.

तबकडीचा दोष तर पेशीच्या वंशापलीकडचा आहे. स्तनातील निरोगी पेशी सपाट पसरून जगत नाहीत. पोकळ गोलाकार रचनेत, आधारजाळीला इंटिग्रिन या प्रथिनांनी चिकटून त्या राहतात, आणि ही पकडच त्यांना जगण्याचा संदेश देते. मीना बिसेल यांच्या गटाने कॅलिफोर्नियात १९९०च्या दशकात दाखवून दिले की त्रिमितीय जाळीत वाढवल्यावर निरोगी आणि घातक पेशी अगदी निराळ्या वागतात. बीटा-१ इंटिग्रिन रोखले तर घातक पेशी निरोगी रचनेकडे वळताना दिसतात. पुढे कॅथरिन पार्क आणि सहकाऱ्यांनी हेच इंटिग्रिन रोखून उंदरांतील मानवी स्तनगाठींवर किरणांचा परिणाम वाढवला. त्याआधी त्यांनी त्रिमितीय रचनेतील निरोगी पेशी शेजारी ठेवून, त्यांना इजा होत नाही हेही पाहिले होते. फरक मोजणे म्हणतात ते हे. तरीही हा मार्ग आजवर नित्य उपचारात आलेला नाही. एवढ्या काळजीने केलेल्या कामाची ही गत असेल, तर सपाट तबकडीतील एका आकृतीवरून ‘लवकरच’ हा शब्द कोणत्या आधारावर लिहिला जातो?

विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी एक बाब मोजण्याच्या पद्धतीची आहे. पुष्कळ निबंधांत किरण दिल्यावर २४ किंवा ४८ तासांनी एमटीटी ही रंगचाचणी करतात, रंग फिका पडला की ‘पेशी मेल्या’ असे लिहितात. ती चाचणी पेशींचा चयापचय मोजते. किरणांनी घायाळ झालेली कर्करोगाची पेशी बहुधा लगेच मरत नाही. एक-दोन वेळा विभागते, तुटकी गुणसूत्रे वाटता वाटता अडखळते आणि मग संपते. काही पेशी जिवंत राहतात, रंगही घेतात, पण पुन्हा वंश वाढवू शकत नाहीत. किरणोपचारात महत्त्व आहे ते वंश वाढवण्याच्या क्षमतेला. पक आणि मार्कस यांनी १९५६मध्ये रूढ केलेली वसाहत-चाचणी तेच मोजते: एकेकटी पेशी पेरायची, दहा-चौदा दिवस थांबायचे आणि किमान ५० पेशींची वसाहत किती जणींनी उभी केली ते मोजायचे. कष्टाचे, कंटाळवाणे काम. म्हणून टाळले जाते. प्रयोगशाळेतील ही टाळाटाळ बातमीत पोचते तेव्हा ती ‘९० टक्के पेशी नष्ट’ अशा वाक्याचे रूप घेते.

प्रत्यक्ष रुग्णांपर्यंत पोचलेल्या प्रयत्नांचा अनुभव काय सांगतो? डीएनएची दुरुस्ती रोखणारे वेलिपारिब हे औषध किरणोपचाराबरोबर देऊन पाहण्याची अमेरिकेतील एक प्राथमिक चाचणी २०१८मध्ये प्रसिद्ध झाली. ३० रुग्ण, सर्वांचा आजार छातीच्या भागात बळावलेला. उपचार चालू असताना दिसलेले दुष्परिणाम मध्यम होते. तीन वर्षांनी हयात असलेल्या १५ जणींपैकी ६ जणींच्या छातीच्या ऊती गंभीर स्वरूपात घट्ट झालेल्या आढळल्या. निरोगी ऊतींचा हिशेब वर्षांनी मागितला जातो, तो दोन दिवसांच्या रंगचाचणीत दिसणे शक्यच नसते. त्या संशोधकांनी तो थांबून मोजला आणि छापला, याचे कौतुक व्हायला हवे होते. भारतीय विज्ञानवार्तांत या निष्कर्षाचा गाजावाजा झाला नाही. दुष्परिणामाला ‘स्विच’सारखे चमकदार नाव नसते.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण संदेशवहनावर आधारित उपचार कधीच फळत नाहीत असे म्हणणे तेवढेच खोटे ठरेल. डोके-मानेच्या कर्करोगात ईजीएफआर रोखणारे सेटुक्सिमॅब किरणोपचाराबरोबर दिले तेव्हा, २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२४ रुग्णांच्या चाचणीत, आजार स्थानिक पातळीवर काबूत राहण्याचा मध्यम काळ १४.९ महिन्यांवरून २४.४ महिन्यांवर गेला. पण तेच औषध किरणोपचार आणि सिसप्लॅटिन या जोडीत मिसळले तेव्हा, २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, काहीही लाभ दिसला नाही. पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलने त्याच रिसेप्टरला रोखणारे निमोटुझुमॅब आठवड्याच्या सिसप्लॅटिनसोबत ५३६ रुग्णांत तपासले आणि आजार पुन्हा बळावण्याचे प्रमाण घटलेले आढळले. रिसेप्टर एकच, औषध बदलले, सोबत बदलली, निष्पत्ती बदलली. स्तनाच्या कर्करोगात तर ईजीएफआर रोखून किरणोपचार देण्याची पद्धत रूढ झालेलीच नाही.

मग स्तनाच्या कर्करोगाच्या किरणोपचारात गेल्या काही वर्षांत खरोखर काय बदलले? उत्तर अनेकांना नीरस वाटेल. किरणांच्या बैठकींची संख्या. पूर्वी ५० ग्रे २५ बैठकींत, पाच आठवडे चालत. मग ४० ग्रे १५ बैठकींत, तीन आठवडे. ब्रिटनमधील ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीत ४,०९६ रुग्णांवर २०२०मध्ये दिसले की २६ ग्रे अवघ्या ५ बैठकींत, एका आठवड्यात दिले तरी पाच वर्षांपर्यंत आजार परतण्याचे प्रमाण वाढत नाही. भारतीय रुग्णांबाबत हाच प्रश्न कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने ‘हायपोर्ट’ चाचणीत हाती घेतला. या बदलाच्या मुळाशी पेशींची संवेदनशीलताच आहे: स्तनगाठीच्या पेशी बैठकीच्या मात्रेला जवळपास निरोगी ऊतींसारख्याच प्रतिसाद देतात, म्हणून छोट्या मात्रा अनेक दिवस देण्यात विशेष लाभ उरत नाही. हे ज्ञान हजारो स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून पक्के झाले.

याचा अर्थ भारतात काय होतो, हे मोठ्या रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत राहणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला सांगावे लागत नाही. २०२२च्या अंदाजानुसार देशात वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू होतात. दहा लाख लोकांमागे किमान एक किरणोपचार-यंत्र असावे ही अपेक्षा. भारत तिच्या जेमतेम निम्म्यापाशी आहे, भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’सारखे देशी यंत्र घडवूनही. जिला उत्तरेत ‘सिकाई’ आणि मराठीत ‘शेक’ म्हणतात, त्या उपचारासाठी पाच आठवडे मजुरी बुडवून परगावी राहणे न परवडल्याने स्त्रिया स्तन वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेऐवजी स्तन काढून टाकणे पत्करतात, किंवा बैठका अर्ध्यावर सोडतात. स्तन वाचवून किरणोपचार दिल्यास दहा वर्षांत आजार परतण्याचा धोका ३५ टक्क्यांवरून १९.३ टक्क्यांवर येतो, असे १७ चाचण्यांतील १०,८०१ स्त्रियांच्या एकत्रित विश्लेषणातून २०११मध्ये दिसले होते. अर्ध्यावर सोडलेली बैठक म्हणजे या फरकावर सोडलेले पाणी. तिला ‘गोळीने पेशी संवेदनशील करणारा स्विच लवकरच’ असे वाचून दाखवणे हा उपकार कसा म्हणावा?

मूलभूत संशोधनाला हा विरोध आहे, असा आक्षेप येईल. तो चुकीचा आहे. एटीएम, टीजीएफ-बीटा, इंटिग्रिन यांच्यावरील काम झाले नसते तर वरील एकही वाक्य लिहिता आले नसते. मूलभूत संशोधनाची खरी हेटाळणी त्याला उद्याच्या औषधाची जाहिरात बनवणारे करतात, कारण औषध आले नाही की लोक संशोधनावरचा विश्वासही गमावतात. पेशीला जखम झाल्यावर ती शेजाऱ्यांचे ऐकून निर्णय घेते, ही बातमी स्वतःच पुरेशी मोठी आहे.

देशातल्या एखाद्या प्रयोगशाळेत या क्षणी कोणी विद्यार्थिनी एमडीए-एमबी-२३१च्या तबकडीवर एखादे रोधक टाकून किरणांची तयारी करत असेल. तिने शेजारी एमसीएफ-१०ए या बिनकर्क वाणाची तबकडीही ठेवावी, दोन्हींना सारखीच मात्रा द्यावी आणि वसाहती मोजायला चौदा दिवस थांबावे. एमसीएफ-१०एसुद्धा पूर्णपणे निरोगी नाही. पेशीचे वय आवरणारे पी१६ तिच्यात हरवलेले आहे, म्हणून तर ती काचेत अमर झाली. निबंधाच्या मर्यादांमध्ये तेही लिहावे. आणि संस्थेचे पत्रक तयार करणाऱ्याने ती ओळ कापण्यासाठी लेखणी उचलली, तर तिने हरकत घ्यावी.